खोकी नंतर उघडा, आधी उजेड बघा

गेल्या वर्षी मे महिन्यात डोंबिवलीतलं चौतीस वर्षांचं बिऱ्हाड एका ट्रकमध्ये भरून आम्ही दोघं बेळगावच्या वडगावात राहायला आलो. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, नंदगडच्या पलीकडचं एक खेडं. ह्यांचं गाव साताऱ्याकडचं, कन्नड कधी कानावरून गेलेलं नाही. निवृत्तीनंतर कुठं राहायचं हा विषय निघाला तेव्हा मी बेळगावचा हट्ट धरला आणि हे "चल" म्हणाले. त्यामुळं ह्यांना इथं करमलं पाहिजे ही जबाबदारी मी माझ्याकडंच घेतली होती.

आता वर्ष झालं. गेल्या महिन्यात माझ्या भाचीनं हुबळीत घर बदललं. रात्री तिचा फोन आला, "मावशी, सगळीकडं खोकीच खोकी आहेत, कुठनं सुरुवात करू?" तिला फोनवर जे तुटक सांगितलं ते इथं नीट लिहून काढते.

सामान लावायची घाई करू नका, हे माझं पहिलं सांगणं. प्रत्येक घराला त्याचा त्याचा एक दिवस असतो. ऊन कुठल्या खिडकीतनं येतं, नळ किती वाजता सुटतो, पाऊस कुठल्या भिंतीवर आपटतो, गल्ली कधी जागी होते. हे कळायच्या आधी लावलेलं कपाट हमखास चुकीच्या जागी बसतं. आमचं बसलं, ते पुढं सांगतेच.

पहिल्या रात्रीची पिशवी

ही पिशवी ट्रकमध्ये टाकू नका, स्वतःच्या मांडीवर ठेवा. आमचा ट्रक दूधगंगेचा पूल आणि कोगनोळीचा नाका ओलांडून वडगावात पोचला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, आणि माणसांनी अंधारात जे हाताला येईल ते सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, रचलं. पिशवीत चहा, साखर, दोन कप, गाळणी, एक सपाट बुडाचं पातेलं, इंडक्शन शेगडी, एक बल्ब, टेस्टर, काडेपेटी, नायलॉनची दोरी, चांगलं कुलूप, एक बादली-तांब्या आणि रोजची औषधं होती. गॅस नव्या गावात सुरू व्हायला काही दिवस जातात, म्हणून शेगडी. अंथरायला सतरंजी आणि पांघरायला आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ. मेमध्येही इथं पहाटे पांघरूण लागतं, डोंबिवलीत हे आम्ही विसरून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या अक्का दारात आल्या. "दूध उतू घालवलासा काय नाही?" मी म्हटलं, अजून दूधच आणलं नाही. त्या घरी जाऊन लोटीभर दूध, चार काटक्या आणि नारळाची सोडणं घेऊन आल्या. परसात तीन विटा मांडल्या, पातेलं ठेवलं, आणि दूध फसफसून विटांवरून खाली आलं तेव्हा आम्ही तिघं तिथं उकिडवे बसलो होतो. उरलेल्या दुधाचा चहा केला. नवीन घरातला पहिला चहा धुराच्या वासाचा मिळाला. तुमच्या घरी ही पद्धत असेल तर ती सामान उघडायच्या आधी करा. हात मोकळे असतात, मनही.

चार दिवस खुर्ची फिरवा

आमचं घर इथल्या जुन्या पद्धतीचं, लांबट. सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं एक खोली, न्हाणी आणि परस. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, त्यामुळं माजघराला खिडकी नाही. छपरात एक काचेचं कौल आहे, तेवढाच उजेड.

चार दिवस आम्ही एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन घरभर बसत फिरलो. सकाळचा चहा एकदा सोप्यात, एकदा परसाच्या पायरीवर. दुपारचं जेवण माजघरात. जिथं बसलं की उठावंसं वाटत नव्हतं ती जागा खडूनं जमिनीवर खुणेनं टिपली. कुठं कोणाच्या टीव्हीचा आवाज येतो, कुठं वारा लागतो, कुठं मोरीचा वास येतो, हे बसल्याशिवाय कळत नाही.

काचेच्या कौलानं आम्हाला एक गोष्ट शिकवली. मेमध्ये दुपारी बाराच्या सुमारास त्यातनं पडणारा उन्हाचा चौकोन बरोबर कौलाच्या खाली होता. ह्यांनी लगेच तिथं वाचायची खुर्ची आणि पेपरचं स्टूल मांडलं. डिसेंबरात तो चौकोन सात-आठ फूट उत्तरेला, थेट देवघराच्या भिंतीजवळ सरकला. बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ सोळा अंशांवर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी डोक्यावर असतो, आणि थंडीत तो दक्षिणेला चांगलाच कलतो. तेव्हा उन्हाळ्यातल्या उजेडावर विसंबून भिंतीत खिळे ठोकू नका. जड वस्तू मांडायच्या आधी एकदा विचार करा, की पौषात इथं ऊन असेल का? ह्यांची खुर्ची आता महिन्याला वीतभर सरकते, आणि ती सरकवण्यात ह्यांना मोठं समाधान आहे.

खोक्यांचा नियमही याच चार दिवसांत ठरला. एकूण ४१ खोकी होती. गरज पडेल तेव्हाच त्या वस्तूचं खोकं उघडायचं आणि वरती तारीख घालायची. किसणी हवी झाली, उघडलं. पहिल्या आठवड्यात नऊ उघडली. दिवाळीपर्यंत सोळा बंदच होती. गुढीपाडव्याला हिशेब केला तर अकरा खोक्यांना तोवर हात लागला नव्हता. त्यातली भांडी आणि चादरी आम्ही देऊन टाकल्या. पाच खोकी ठेवली, कारण त्यात फोटो आणि पत्रं आहेत, त्यांना हा नियम लावायचा नाही.

पाणी

बेळगावचं पाणी राकसकोप आणि हिडकल या दोन धरणांतून येतं. राकसकोप मार्कंडेय नदीवर, हिडकल घटप्रभेवर. शहरातल्या काही प्रभागांत नळ चोवीस तास चालतो, बाकीच्या गल्ल्यांत पाणी काही दिवसांआड येतं. आमची गल्ली दुसऱ्या प्रकारची. घर बघायला जाल तेव्हा मालकाला विचारालच, पण शेजारच्या दारातही विचारा. पाणी भरणारं माणूस खरं सांगतं.

आमच्याकडं पहिल्यांदा नळ सुटला तो पहाटे साडेचारला. आम्ही गाढ झोपेत. अक्कांनी दार ठोठावलं आणि मोठ्यानं हाक मारली, "वैनी, नीरु बंतु!" पाणी आलं. ह्यांना कळलेलं ते पहिलं कन्नड वाक्य. आता गल्लीत सगळ्यांत आधी जागे होतात ते हेच, आणि चार दारांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तेच दोन शब्द म्हणत जातात.

काही दिवसांचं पाणी साठवायचं तर तीन गोष्टी सांभाळा. पिण्याचं पाणी वेगळ्या भांड्यात, उंचावर, आणि त्यात हात न बुडवता ओगराळ्यानं काढायचं. वापराच्या बॅरलवर झाकणाखाली फडकं घट्ट बांधायचं. आणि आठवड्यातनं एकदा बॅरल पूर्ण उपसून आतली कड काथ्यानं घासायची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो, अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या अंगाला चिकटवतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी जागेवर राहतात, म्हणून घासायचं.

आणि माठ घ्या. खानापूरची माती भांड्यांना आणि कौलांना नावाजलेली. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावा, पहिली दोन पाणी झाडांना घालावीत, आणि आतनं साबण कधीच लावू नये, कारण मातीची भोकं तो धरून ठेवतात. माठाच्या अंगातनं पाणी पाझरतं, ते वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार होतं. पावसाळ्यात हवाच ओली असते, पाणी वाळत नाही, माठ गार करत नाही. तेव्हा तो वाळवून माळ्यावर ठेवायचा. फेब्रुवारीत पुन्हा काढला की पहिल्या घोटाला ओल्या मातीचा जो वास येतो, त्यानं मला परकरातल्या दिवसांत नेऊन सोडलं. फ्रीज आमच्याकडंही आहे. त्यातलं पाणी प्यायची आठवण आम्हाला आता होत नाही.

पावसाची भिंत

बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर, सह्याद्रीच्या पूर्वेच्या अंगाला आहे. जूनपासून पाऊस पश्चिमेकडनं आणि नैर्ऋत्येकडनं येतो, आणि जुलैत तो आठ-आठ दिवस थांबत नाही. खानापूरकडं, कणकुंबीला मलप्रभा उगवते तिथं, याहून कितीतरी जास्त. उलट अथणी-रायबागकडं हा विषयच नाही, तिथं उन्हाची काळजी करा. जिल्हा एकच, पण घर लावायची रीत तालुक्यागणिक बदलते.

आमचं चुकलं ते इथं. कपड्यांचं कपाट डोंबिवलीहून आणलेलं, भुशाच्या फळीचं. सामान उतरवणाऱ्यांनी विचारलं "कुठं?" आणि मी घाईनं मागच्या खोलीतली पश्चिमेची भिंत दाखवली. कपाट भिंतीला चिकटून बसलं. जुलैच्या शेवटी दार फुगून उघडेना. जोर लावून उघडलं तर मागची फळी काळ्या-हिरव्या बुरशीनं भरलेली, आणि सगळ्यांत खालच्या कप्प्यात आईचं शहापुरी लुगडं, काठावर डाग पडलेलं. आईची तेवढी एकच वस्तू मी जपून ठेवली होती. मी लुगडं मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले.

अक्कांच्या घरी दोन पिढ्या माग चालतो. मी लुगडं घेऊन त्यांच्या सासूबाईंकडं गेले. त्यांनी चष्मा लावला नाही, नुसती बोटं काठावरून फिरवली आणि म्हणाल्या, हे इथलंच, हातमागावरचं. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग, हे मला माहीत होतं. पण आईच्या पेटीतलं लुगडं विणलं गेलं त्याच गल्ल्यांमध्ये मी राहायला आले आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी जे शिकवलं ते असं: लुगडं प्लॅस्टिकमध्ये ठेवायचं नाही, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडात गुंडाळायचं. दर दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून दुसरीकडनं घालायची, नाहीतर घडीवरच विरतं. जरीला डांबरगोळी लागू द्यायची नाही. ऊन दाखवायचं नाही, सावलीत वारा द्यायचा. डाग पूर्ण गेला नाही. लुगडं मात्र वाचलं.

तर पावसाळा सुरू व्हायच्या आधी एवढं करा. वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसात घरभर फिरून भिंतींना तळहात लावा, गार आणि ओलसर लागेल ती पावसाची भिंत. तिच्याजवळ कपाट, गादी, धान्य, पुस्तकं ठेवू नका. तिथं सायकल, बादल्या, छत्र्या राहू देत. बाकीच्या भिंतींपासूनही कपाट चार बोटं पुढं ओढा आणि खाली विटा सारा, वारा मागनं आणि खालनं खेळला पाहिजे. भुशाच्या फळीपेक्षा लोखंडी पेटी या हवेला चांगली. कौलं असतील तर फुटकी-सरकलेली मेमध्येच बघून घ्या, कारण जूनमध्ये माणूस मिळत नाही. डाळी आणि मिरची मेच्या उन्हात कडकडीत वाळवून डब्यात भरा. आणि घरात एक कोरडी दोरी हवीच. आम्ही ती न्हाणीच्या बंबाच्या वर बांधली. आंघोळीचं पाणी तापतं, त्याच धगीवर कपडे वाळतात, आणि शर्टाला धुराचा थोडा वास येतो. तो मला आवडतो.

आधी मागायला जा

नव्या शेजारात काहीतरी गोड घेऊन जायचं असं सगळे सांगतात. माझा अनुभव असा, की आधी मागायला जावं. विळी कुठल्या खोक्यात होती कळेना, म्हणून मी अक्कांच्या दारात गेले. विळी मिळाली, सोबत मेथीची जुडी, आणि पाट सरकवून "बसा की, उभ्यानंच कशाला." उठेपर्यंत अर्धा तास गेला आणि गल्लीतली चौदा घरं मला माहीत झाली. विळी परत देताना सोबत वाटीभर ओली चटणी नेली. तेव्हापासून आमच्या दोन घरांमधली ती वाटी रिकामी गेलेली नाही.

भाषेचं सांगते. बेळगावाकडं बायका "मी आलो, मी जेवलो, मी बाजारला जातो" असं म्हणतात. लहानपणी मीही तसंच बोलायची. डोंबिवलीत ऑफिसला लागले तेव्हा सगळे हसले, आणि महिन्याभरात मी ते टाकलं. इथं आल्यावर तिसऱ्या आठवड्यात अक्कांनी बाहेरून हाक मारली आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "आलो, आलो की!" हे पेपरातनं मान वर करून बघत राहिले. चौतीस वर्षं ते बोलणं कुठं होतं कोण जाणे. हा लेख मी शाळेत शिकले तशा मराठीत लिहिते आहे, पण परसात उभी राहून मी आता तशीच बोलते, आणि त्या बोलण्यात मला फार हलकं वाटतं.

तुम्ही बाहेरून येत असाल तर कन्नडचे आठ-दहा शब्द आधी शिका. "एष्टु?" म्हणजे किती. "स्वल्प" थोडं, "साकु" पुरे, "नाळे" उद्या. "बर्री" या, "कुंद्री" बसा. आणि "ऊटा आतेन्री?", जेवण झालं का. शेवटचा "री" विसरू नका, त्यात मान आहे. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासूनचा सीमाप्रश्न इथं प्रत्येक घराला ठाऊक आहे आणि त्याची दुखणीही आहेत. १ नोव्हेंबरला शहर दोन तऱ्हांनी उठतं, कोणाचा राज्योत्सव, कोणाचा काळा दिवस. मी सीमाभागातली मराठी मुलगी आहे, माझं मन कुठं आहे हे मी लपवत नाही. पण भाजीवालीला "ऊटा आतेन्री" विचारल्यावर ती ज्या तऱ्हेनं हसते, ते हसणं मला हवं असतं.

आवाजाचं एक राहिलं. वडगावात यंत्रमागांची खटखट असते. हे पहिले आठ दिवस झोपले नाहीत. आम्ही पलंग मागच्या खोलीतून माजघरात आणला, दोन भिंती मध्ये आल्या, प्रश्न बराचसा सुटला. तक्रार करायच्या आधी पलंग हलवून बघा. आता मला मागावरूनच वेळ कळते. मागच्या गल्लीतली खटखट थांबली की त्यांची जेवायची सुट्टी झाली, आपलाही कुकर लावायचा.

कागदपत्रं

हे लवकर उरका आणि विसरा. गॅससाठी जुन्या गावात सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून बदलीचा कागद घ्या, तो नव्या एजन्सीत चालतो. विजेचं बिल हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं असतं, त्यावरचा आर. आर. नंबर (वीजजोडणीचा नंबर) लिहून ठेवा, सगळीकडं तोच मागतात. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती वापराला २०० युनिटपर्यंत सवलत आहे, ती भाडेकरूलाही मिळते. मात्र त्या नंबराला आधीच्या भाडेकरूचं आधार जोडलेलं असेल तर ते आधी काढून घ्यावं लागतं. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर नव्यानं नोंदवावी लागते. बिल कन्नडमध्ये येतं. पहिलं बिल घेऊन शेजारी बसा, कुठल्या चौकटीत काय असतं ते एकदा समजलं की पुढं अडत नाही.

तोंडाची चव परत आणणं

पहिला महिना बाहेरून मागवू नका आणि सगळा संसारही मांडू नका. एक कढई, एक पातेलं, तवा, परात, चार ताटं. आम्ही तेवढ्यावर पाच आठवडे काढले आणि त्या पाच आठवड्यांत जितकं चवीनं जेवलो तितकं कैक वर्षांत जेवलो नव्हतो.

धान्य रविवार पेठेतून आणा. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात पिकणारा बेळगाव बासमती विचारून घ्या. त्याचा भात चढला की वास दारापर्यंत येतो. पहिल्या दिवशी त्यावर आमटी घालू नका. गरम भात, लोणी किंवा तूप, मीठ, आणि लिंबाचं लोणचं. हे ताट बघून म्हणाले, "एवढंच?" आणि मग दोनदा वाढून घेतलं.

भाताची कापणी झाली की त्याच जमिनीत, उरलेल्या ओलीवर, इथं मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. तो जवारी मसूर बारीक असतो आणि त्याची आमटी मी आईकडून शिकले. वाटीभर अख्खा मसूर कोरडाच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायचा, धुऊन तासभर भिजत घालायचा. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं पडेपर्यंत भाजून पाट्यावर वाटायचं. फोडणीत लसूण ठेचून, त्यात वाटण, कांदा-लसूण चटणी, मग मसूर आणि गरम पाणी. शिजत आला की चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ. मसूर अख्खा राहिला पाहिजे, गिचका करू नका. तिखटाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी. ही आमटी ज्वारीच्या भाकरीशी आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली.

मी एक वही केली आहे, तिच्यात महिन्याला एकच खाणं लिहिते, ज्याची त्या महिन्यात वाट बघायची. जून-जुलैत खानापूरच्या रानातली अळंबी रस्त्याकडेला येते, ती ओळखीच्या बाईकडूनच घ्या, सगळी अळंबी खायची नसते. श्रावणात ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून. नवरात्राच्या सुमाराला पश्चिम भागातली रताळी, ती निखाऱ्यात भाजली की साखरेची गरज नसते. थंडीत पूर्वेकडच्या ओळखीच्यांकडं हुरडा. सगळं सगळ्या महिन्यांत खायला मिळत गेलं तशी वाट बघायची माझी सवयच मोडली होती, ती या वहीनं परत लावली. कुंदा, इथली दुधाची मिठाई, बाराही महिने मिळतो, त्याला आम्ही वेगळा नियम लावला: शंभर ग्रॅमच घ्यायचा आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी एका बशीतून खायचा.

ह्यांचं करमणं

माझी माणसं, माझी भाषा इथं होती. ह्यांना काहीच नव्हतं, आणि जूनमध्ये ते गप्प गप्प होऊ लागले. तुमच्या घरातही एकजण परतलेला आणि एकजण नवा असेल तर नव्या माणसाकडं आधी लक्ष द्या. त्याला स्वतःची अशी एक जागा आणि एक ठरलेली वेळ सापडायला हवी, आणि ती त्यानंच शोधायला हवी. मी सोबत जायचं मुद्दाम टाळलं.

ह्यांनी दोन गोष्टी शोधल्या. एक, १८४८ साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय. सकाळी दहाला जातात, पेपर वाचतात, तिथल्या दोघा-तिघांशी भांडतात, साडेबाराला येतात. दुसरी, येळ्ळूर रस्त्याकडचं शिवार. रोज संध्याकाळी एकच वाट. जुलैत लावणी बघितली, बायका वाकून रोपं लावताना. आषाढात मंगाईच्या यात्रेआधी गावात वार पाळतात, त्या दिवशी शेतात कोणी नसतं, ह्यांना आधी कळलंच नाही की आज सगळे कुठं गेले. भात पोटरीतून बाहेर पडतो तेव्हा शिवाराला येणारा वास त्यांनी मला नेऊन दाखवला. मी इथली, आणि मला तो त्यांनी दाखवला. रोज नवी वाट धरली असती तर हे दिसलं नसतं.

मग एके दिवशी ते म्हणाले, "रेडिओ कुठल्या खोक्यात आहे?" सव्वीस नंबरच्या खोक्यात होता. सेल घातले, काटा फिरवला, धारवाड आकाशवाणी लागली आणि कोणीतरी संध्याकाळचा राग गात होतं. शेजारच्या अण्णांनी त्यांना सांगितलं, की कुमार गंधर्वांचा जन्म इथनं जवळच, सुळेभावीला, १९२४ साली झाला. पुढच्याच रविवारी बसनं सुळेभावीला जाऊन आलो. एका टपरीवर चहा घेतला, गल्लीतनं चक्कर मारली आणि परतलो. ह्यांनी त्या रात्री जेवताना पहिल्यांदा "आपलं बेळगाव" असा शब्द वापरला. मी काही बोलले नाही, ताकाची वाटी पुढं केली.

किल्ली

भाचीला सगळ्यात शेवटी हे सांगितलं होतं. घराला दोन किल्ल्या असतात. दुसरी कपाटात ठेवू नका. समोरच्या, बाजूच्या, ज्यांच्याकडून तुम्ही विळी आणली असेल त्यांच्याकडं द्या. आमची दुसरी किल्ली अक्कांच्या देवघरात खिळ्याला आहे. मागच्या पावसात आम्ही नंदगडला अडकलो, इथं रात्री नळ सुटला, आणि आम्ही परत आलो तेव्हा दोन्ही बॅरल काठोकाठ भरलेले होते, वर फडकं बांधून.